संगीत आणि नाट्य एकाच विषयात शिकवताना जोडणी नेमकी कुठे करावी?

विलंबित_लय (प्रश्न)

नमस्कार. मी शाळेत संगीत शिकवते. गेल्या वर्षापासून आमच्याकडे सातवी आणि आठवीसाठी संगीत व नाट्य हे दोन विषय एकत्र करून ‘प्रयोगकला’ हा एकच विषय केला आहे. आठवड्याला ४० मिनिटांच्या दोन तासिका मिळतात, वर्गात ३२ विद्यार्थी असतात, आणि शिकवायला आम्ही दोघे आहोत: मी संगीताची आणि माझे एक सहकारी नाट्याचे.

पहिल्या वर्षी आम्ही सोपा मार्ग धरला. पहिली सहामाही संगीताची, दुसरी नाट्याची, आणि शेवटचे सहा आठवडे दोन्ही मिळून एका छोट्या नाटकाची तालीम, अशी विभागणी केली. प्रयोग पार पडला, पालकांनी टाळ्याही वाजवल्या, पण मला मात्र तो पाहवला नाही. गाणारी आठ मुले रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात हार्मोनियमभोवती उभी होती, अभिनय करणारी मुले मधोमध होती, आणि प्रत्येक गाणे संपल्यावर पुढचा संवाद सुरू होण्याआधी दोन्ही गट क्षणभर एकमेकांकडे पाहत होते. ठिगळे लावल्यासारखी गाणी नाटकाला लावली होती. त्याहून वाईट गोष्ट अशी की ज्यांना गाता येते ती मुले वर्षभर गातच राहिली आणि ज्यांना बोलता येते ती बोलतच राहिली. कोणीही आपला कोपरा सोडला नाही.

माझा प्रश्न वेळापत्रकाचा नाही. संगीत आणि नाट्य यांच्यात असे काय समान आहे, जे एकाच वेळी शिकवता येईल आणि जे शिकवल्याने दोन्हींचे शिक्षण होईल? आणि असे काय आहे, जे वेगळेच शिकवावे लागते? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रंगपीठ

तुम्ही वर्णन केलेला तो क्षण, गाणे संपल्यावर दोन्ही गट एकमेकांकडे पाहतात तो, मीही अनेकदा पाहिला आहे आणि माझ्या समजुतीप्रमाणे दुखणे तिथेच आहे. गाणे आणि नाटक या तयार झालेल्या वस्तू आहेत, आणि तयार वस्तू जोडल्या की सांधा दिसतोच. त्या तयार होण्याआधी जी सामग्री असते, म्हणजे काळ, आवाज, शांतता आणि ऐकणे, ती दोन्ही कलांची एकच आहे. जोडणी तिथे करावी.

एक उदाहरण थोडे सविस्तर देतो. मी वर्षाची सुरुवात ‘दारावरची थाप’ या खेळाने करतो. एका मुलाने वर्गाकडे पाठ करून बाकावर थाप द्यायची. तोंडाने काही बोलायचे नाही, चेहरा दिसू द्यायचा नाही. बाकीच्यांनी सांगायचे की दाराबाहेर कोण आहे आणि त्याला काय हवे आहे. एकदा एका मुलीने बोटांच्या पेरांनी अगदी हलके दोनदा वाजवले, बराच वेळ थांबली, आणि मग तळव्याने एकदाच पण जोरात थाप दिली. वर्गाने सांगितले की तिला घरातल्या सगळ्यांना न उठवता कोणा एकालाच जागे करायचे होते आणि शेवटी तिचा धीर सुटला. मी विचारले, ती किती वेळ थांबली? कोणी म्हणाले खूप, कोणी म्हणाले थोडा. मग सगळ्यांनी हलक्या टाळीने मात्रा धरल्या, तिने तीच थाप पुन्हा दिली, आणि मधले थांबणे सहा मात्रांचे निघाले. ते दोन मात्रांवर आणले तेव्हा बाहेरचे माणूस केवळ घाईत असलेले वाटू लागले. दहा मात्रांवर नेले तेव्हा मुलांना वाटले की ते माणूस निघून गेले होते आणि पायरीवरून परत फिरले. त्या २० मिनिटांत मुलांनी लय, आघात, आवाजाची तीव्रता आणि विराम यांवर काम केले होते आणि त्याच वेळी एक पात्र, त्याची इच्छा आणि त्याची परिस्थिती उभी केली होती. यातले संगीत कोणते आणि नाट्य कोणते हे वेगळे काढून दाखवता येणार नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे आतली लय आणि बाहेरची लय. रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की यांनी १९१८ मध्ये मॉस्कोत बोल्शोई नाट्यगृहाच्या गायकांबरोबर ऑपेरा स्टुडिओत काम सुरू केले. अभिनेत्यांसाठी त्यांनी मांडलेला लयविचारही मोलाचा आहे. पात्र बाहेरून संथ हालचाल करत असले तरी त्याच्या आत द्रुत लय चालू असू शकते, आणि या दोहोंच्या ताणातून प्रेक्षकाला ते पात्र खरे वाटू लागते. वर्गात हे करायला काहीच साहित्य लागत नाही. अर्ध्या वर्गाने मिनिटाला ६० या गतीने चालायचे आणि चालता चालता मनात १२० ने मोजायचे. मग चालणे न बदलता एखादे साधे वाक्य बोलायचे. मुलांना चालताना दुप्पट मोजणे सुरुवातीला जड जाते, आणि ते जड जाणेच उपयोगाचे आहे, कारण दुगुन (दुप्पट लय) म्हणजे काय हे त्यांना त्या दिवशी पायांतून कळते. जिनिव्हात संगीत शिकवताना स्विस संगीतकार एमिल जाक-दालक्रोझ यांनीही हाच मार्ग धरला होता. त्यांचे विद्यार्थी लिहिलेले बिनचूक वाजवत, पण लय त्यांच्या अंगात उतरलेली नसे, म्हणून त्यांनी ती पावलांत आणि हातांत आणली.

राहिला प्रश्न गाण्यांचा. नाटकात गाणे कुठे घालावे हे ठरवताना मी भरताच्या नाट्यशास्त्राकडे जातो, कारण तिथे हा विचार विलक्षण नेमकेपणाने झालेला आहे. नाटकात योजायच्या गीतांना तिथे ‘ध्रुवा’ म्हटले आहे आणि त्यांचे पाच प्रकार केले आहेत, तेही चालीवरून नव्हे, तर नाटकातल्या कामावरून. पात्र प्रवेश करते तेव्हाची प्रावेशिकी, पात्र जाते तेव्हाची नैष्क्रामिकी, चाललेला भाव मोडून दुसरा आणणारी आक्षेपिकी, विस्कटलेले वातावरण पुन्हा प्रसन्न करणारी प्रासादिकी, आणि मधली फट भरून काढणारी आंतरी. मी मुलांना ही संस्कृत नावे पाठ करायला लावत नाही, पण प्रत्येक गाण्याच्या किंवा वाद्याच्या तुकड्याच्या बाबतीत ‘हे इथे कोणते काम करते?’ असा प्रश्न त्यांना विचारतो. उत्तर देता आले नाही तर तो तुकडा काढून टाकतो, मग तो कितीही गोड असो. तुमच्या प्रयोगातील किती गाणी या प्रश्नाला टिकली असती, हे एकदा शांतपणे तपासून पाहा.

मंद्र_मध्य_तार

रंगपीठ यांचे म्हणणे मला पटते, पण एक संगीतशिक्षक म्हणून मला धोक्याची जाणीवही करून द्यावीशी वाटते. एकत्रीकरणात लय टिकते, सूर हरवतो. थाप, पावले, विराम, मोजणी हे सगळे लयीच्या बाजूचे आहे आणि नाट्य त्याच्याशी सहज जुळते. सुराचे तसे नाही. एका षड्जावर (‘सा’वर) स्थिर राहणे, आपला सूर शेजाऱ्याच्या सुरात मिसळला की नाही हे ऐकणे, चढताना सूर पडत नाही ना याकडे लक्ष ठेवणे, यासाठी रोजची संथ, पुनरावृत्तीची मेहनत लागते, आणि नाट्यमय प्रसंगांनी भरलेल्या तासिकेत तिला जागा उरत नाही. मी अशा एकत्रित विषयाची तीन वर्षे शिकवणी केली आहे आणि पहिल्या वर्षाअखेर माझी मुले लयीला पक्की पण सुराला कच्ची झाली होती, हे मला मान्य केले पाहिजे. त्यानंतर मी प्रत्येक तासिकेची पहिली आठ मिनिटे कोणत्याही परिस्थितीत केवळ सुराला ठेवली. तंबोऱ्याचा नाद, डोळे मिटलेले, आणि सर्वांनी मिळून एकच सूर लांबवणे. त्यात गोष्ट नाही, पात्र नाही, प्रसंग नाही. ही आठ मिनिटे मी कोणाही नाट्यशिक्षकाला देणार नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. बारा ते पंधरा या वयात मुलग्यांचा आवाज फुटतो आणि तो साधारण एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण तो बदल कमी असल्याने आपल्या लक्षात येत नाही. नेमक्या याच वयात एका तासिकेत संगीतशिक्षिका सांगते की घसा मोकळा ठेवा, जोर लावू नका, आणि पुढच्या तासिकेत नाट्यशिक्षक सांगतात की शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेका. मूल मग दोन घसे वागवू लागते. मी एका मुलाला सकाळी संवादांची तालीम झाल्यावर दुपारी गाताना ऐकले होते. मध्य सप्तकाच्या गंधारावर त्याचा आवाज कागद फाटावा तसा फाटत होता, आणि तो खाली मान घालून उभा होता. त्या दिवसानंतर मी आणि माझ्या सहकारी शिक्षिकेने आवाजाविषयी एकच भाषा ठरवून घेतली.

त्यासाठी पुन्हा भरताचाच आधार मिळाला. आवाजाची उर, कंठ आणि शिर ही तीन स्थाने नाट्यशास्त्राने संवादाच्या संदर्भातही सांगितली आहेत: दूरच्या माणसाला हाक मारताना शिर, फार दूर नसलेल्याशी बोलताना कंठ, आणि अगदी जवळ असलेल्याशी बोलताना उर. गायनातील मंद्र, मध्य आणि तार (खालचे, मधले आणि वरचे सप्तक) यांचीही स्थाने हीच. म्हणजे जे स्थान मी सरगम म्हणताना दाखवते, तेच नाट्यशिक्षिका पात्रांमधले अंतर दाखवताना वापरते. आम्ही वर्गात तीन खुर्च्या ठेवतो, एक हाताच्या अंतरावर, एक खोलीच्या मध्यावर आणि एक दाराबाहेर, आणि ‘थांब, मी येते’ हे एकच वाक्य तिन्ही खुर्च्यांकडे बोलायला सांगतो. मग तेच तीन आवाज ‘आ’कारात गायला लावतो. दूर पोहोचणारा आवाज म्हणजे ओरडणे नव्हे, हे मुलांना सांगावे लागत नाही. ज्यांचा आवाज फुटत आहे त्यांना आम्ही दाराबाहेरची खुर्ची देत नाही. त्यांच्यासाठी जवळच्या अंतराचे प्रसंग लिहून घेतो, आणि समूहगानात त्यांना खालच्या पट्टीतला एकच स्थिर सूर धरायला देतो. त्यामुळे त्यांना गप्प बसावे लागत नाही आणि घशावरही ताण येत नाही.

विलंबित_लय

दोघांचेही मनापासून आभार. ‘हे गाणे इथे कोणते काम करते?’ हा प्रश्न मी गेल्या वर्षीच्या संहितेला लावून पाहिला. सातपैकी पाच गाण्यांना माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांतली तीन मी निवडली होती ती केवळ मुलांना ती येत होती म्हणून.

तीन खुर्च्यांचा प्रयोग आम्ही लगेच केला आणि त्यातून आम्हा दोघा शिक्षकांमधलाच एक जुना गैरसमज निघाला. माझे सहकारी ‘आवाज वर न्या’ म्हणतात तेव्हा त्यांना मोठा आवाज अभिप्रेत असतो, आणि मी तेच शब्द वापरते तेव्हा मला उंच सूर हवा असतो. मुले वर्षभर या दोन अर्थांच्या मध्ये गोंधळत होती आणि आम्हाला ते कळले नव्हते. आता ‘मोठा’ आणि ‘उंच’ हे दोन शब्द आम्ही काटेकोरपणे वेगळे वापरतो.

माझी पुढची अडचण मूल्यमापनाची आहे. शाळेला १०० पैकी गुण हवे असतात. ज्याला उपजत गोड गळा आहे त्याला जास्त आणि ज्याला नाही त्याला कमी, असे करायचे नसेल, तर गुण नेमके कशाला द्यावेत?

तालीम_वही

गुणांच्या प्रश्नावर लिहितो, कारण माझी या विषयातली बरीच ताकद तिथेच खर्च झाली आहे.

अंतिम प्रयोगाला १०० पैकी ७० गुण ठेवले की वर्षभराचे शिक्षण त्या एका संध्याकाळीपुढे वाकते. शिक्षक मग धोका पत्करत नाही, गाणाऱ्याला गाणे देतो, बोलणाऱ्याला भूमिका देतो, आणि तुम्ही पहिल्या संदेशात लिहिलेले कोपरे तयार होतात. ते कोपरे मुलांनी केलेले नसतात, गुणांच्या वाटणीने केलेले असतात. आम्ही अंतिम प्रयोगाचे गुण ३० वर आणले आणि उरलेल्यांपैकी सर्वांत मोठा वाटा, ४० गुण, तालमीतील बदलाला दिला. बदल म्हणजे काय ते सांगतो. प्रत्येक गट आपला तीन ते चार मिनिटांचा तुकडा वर्षाच्या मध्यात एकदा सादर करतो, त्यावर वर्गाचे म्हणणे ऐकतो, आणि तीन आठवड्यांनी तोच तुकडा पुन्हा सादर करतो. दुसऱ्या सादरीकरणात काय बदलले आणि का बदलले, हे प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे तोंडी सांगायचे. गोड गळ्याचा तिथे उपयोग होत नाही. कान उघडे होते की नाही एवढेच दिसते.

एका गटाचा प्रसंग मला अजून आठवतो. दोन बहिणी पत्राची वाट पाहत आहेत, एवढाच तो प्रसंग होता. पहिल्या वेळी मुलांनी त्यामागे हार्मोनियमवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक करुण चाल वाजवली होती. वर्गातल्या एका मुलीने म्हटले की चाल आधीच रडत असल्यामुळे बहिणींना रडायला काही उरत नाही. दुसऱ्या सादरीकरणात चाल गेली होती. वाजवणाऱ्या मुलाने फक्त खालचा एक सूर धरून ठेवला होता, आणि धाकटी बहीण ‘आज तरी आलं का?’ असे विचारते तेव्हा त्याने बोट उचलले. त्या शांततेत थोरलीने मान हलवली. वाजवणारा मुलगा वर्गातला सर्वांत कच्चा वादक होता. त्याला खरोखर तेवढा एकच सूर नीट धरता येत असे. तोंडी परीक्षेत त्याने सांगितले की बोट केव्हा उचलायचे हे मोजून जमत नव्हते, धाकटी बोलण्याआधी श्वास घेते तो ऐकावा लागत होता. मी त्याला ४० पैकी ३८ गुण दिले.

उरलेले ३० गुण आम्ही वैयक्तिक कौशल्याला ठेवतो, आणि इथे मंद्र_मध्य_तार यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे की ते स्वतंत्रच तपासावे. मात्र मोजणी मुलाच्या स्वतःच्या सुरुवातीपासून करावी. वर्षारंभी प्रत्येकाचे एक मिनिटाचे गाणे आणि एक मिनिटाचे वाचन ध्वनिमुद्रित करून ठेवावे आणि वर्षाअखेर तेच पुन्हा करावे. दोन्ही मुद्रणे मुलासमोर लागोपाठ लावली की गुणांवरून वाद होत नाही. ३२ मुलांच्या मुद्रणाला दोन तासिका जातात, त्या जाऊ द्याव्यात.

रंगपीठ

दोन शिक्षकांविषयी थोडे लिहितो, कारण त्याला अजून कोणी हात लावलेला नाही. शक्य असेल तर दोघांनी एकाच वेळी वर्गात असावे, आणि एक शिकवत असताना दुसऱ्याने मुलांमध्ये बसून तेच करावे. नाट्यशिक्षकाने षड्ज लावताना चुकावे आणि संगीतशिक्षिकेने संवाद विसरावा, हे मुलांनी पाहिले की आपला कोपरा सोडायला त्यांनाही बळ येते. वेळापत्रकात हे बसत नसेल तर पंधरवड्यातून एक तासिका तरी अशी मागून घ्यावी.

आणि नाटक मोठे करू नये. ३२ मुलांचे एक तासाचे नाटक बसवायला घेतले की अर्धा वर्ग विंगेत बसून राहतो. आठ-आठ मुलांचे चार गट, प्रत्येकी सात-आठ मिनिटांचा प्रवेश, आणि एका प्रवेशातला गट पुढच्या प्रवेशाचा वाद्यवृंद, अशी रचना करावी. वाद्यवृंद म्हणजे वाद्येच हवीत असे नाही. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांनी १९२४ पासून म्युनिकमध्ये डोरोथी ग्युंथर यांच्या शाळेत जे काम उभे केले, त्यातून पुढे मुलांसाठी घडलेल्या पद्धतीत बोललेला शब्द, टाळी, पाऊल आणि साधी तालवाद्ये एकमेकांत गुंफलेली असतात. संहितेतलेच एखादे वाक्य घ्यावे, ते आठ मात्रांत बसवून पुन्हापुन्हा म्हणावे, मग शब्द काढून त्याची नुसती टाळी ठेवावी, आणि त्या टाळीवर पुढचा प्रवेश सुरू करावा. प्रेक्षकाने ऐकलेले वाक्य शब्दांशिवाय परत येते आणि ते त्याला ओळखू येते. बाहेरून आणलेले गाणे हे करू शकत नाही.

मंद्र_मध्य_तार

रंगपीठ यांच्या या शेवटच्या रचनेला माझी एक दुरुस्ती. त्या आठ मात्रांच्या वाक्याला कधीतरी सूरही द्यावा. मराठीतले कोणतेही वाक्य बोलताना त्याला आपोआप चढउतार असतो. ‘तू येणार आहेस ना?’ मधला ‘ना’ बहुतेक वेळा वर जातो. तो चढउतार पेटीवर शोधून काढायला मुलांना सांगावे. सातवीच्या मुलांना एका वाक्यासाठी अख्खी तासिका लागते, पण स्वरज्ञान असे मिळाले की ते पुसले जात नाही.

विलंबित_लय

आम्ही दोघांनी काल बसून पुढच्या सहामाहीची आखणी केली. पहिली आठ मिनिटे सुराची, ती माझे सहकारीही मुलांमध्ये बसून करणार आहेत. चार गट ठरले, संहिता बाहेरून न आणता मुलांनी थापेच्या खेळातून रचलेल्या प्रसंगांवरून लिहायची ठरली, आणि आरंभीची ध्वनिमुद्रणे पुढच्या आठवड्यात होतील. गुणांची नवी वाटणी मुख्याध्यापकांनी एका वर्षासाठी मान्य केली आहे. अंतिम प्रयोगाचे गुण मात्र त्यांनी ३० ऐवजी ४० ठेवायला सांगितले.

आज थापेचा खेळ पहिल्यांदा घेतला. गेल्या वर्षी हार्मोनियमशेजारून न हललेली एक मुलगी उठली, बाकाजवळ गेली, हात उचलला आणि थाप न देताच बराच वेळ तशीच उभी राहिली. वर्ग इतका शांत झाला होता की पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग ती जागेवर परत आली. एका मुलाने सांगितले की बाहेर कोणीतरी आले होते, पण दार वाजवायचे त्याच्याने झाले नाही. मी मात्रा मोजायला विसरले होते. माझ्या सहकाऱ्यांनी मोजल्या होत्या. त्या चौदा होत्या.